दहा मीटर एअर रायफल: छर्ऱ्यांची पारख, साइटची जुळणी आणि रेंजवरचा सराव

नवीन नेमबाजाचे छर्रे कार्डावर विखुरले की त्याचा पहिला संशय रायफलवर जातो. मग साइटचे क्लिक (नेम सरकवणारे बारीक टप्पे) फिरवले जातात, छर्ऱ्यांचा डबा बदलला जातो, बट प्लेट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) वर-खाली होते. महिनाभराने कशामुळे काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही. या लेखात मी एक क्रम सुचवतो आहे. आधी रायफल आणि छर्रा तुमच्याशिवाय काय करतात ते तपासून घ्या. तो विषय एकदा मिटला की उरलेला सगळा वेळ स्वतःच्या उभं राहण्यावर आणि ट्रिगरवर घाला. क्रम उलटा झाला तर कार्डावरचं प्रत्येक भोक दोन अर्थ सांगतं आणि सराव अंदाजावर चालतो.

आधी लक्ष्याचा हिशेब

दहा मीटरच्या कार्डावर जो काळा गोल दिसतो त्याचा व्यास ३०.५ मिलिमीटर असतो. मधला दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. त्याबाहेर प्रत्येक वर्तुळाचा व्यास ५ मिलिमीटरने वाढत जातो: नवाचं ५.५, आठाचं १०.५ आणि पुढे तसंच. छर्रा स्वतः ४.५ मिलिमीटरचा आहे आणि त्याची कड ठिपक्याला शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरपर्यंत सरकलं तरी दहा हातचे जात नाहीत.

स्पर्धेत आता गुण दशांशात मोजतात आणि प्रत्येक दशांश पाव मिलिमीटरचा असतो. १०.० म्हणजे अडीच मिलिमीटरच्या आत, १०.९ म्हणजे पाव मिलिमीटरच्या आत. साठ शॉटचे जास्तीत जास्त गुण ६५४.० होतात. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचा हेन्री हाक्किनेन शेवटच्या शॉटपूर्वी बरोबरीत होते. बिंद्राचा तो शॉट १०.८ चा होता, म्हणजे केंद्रापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत. त्या शॉटने सुवर्णपदक मिळालं.

आता हाच हिशेब रायफलच्या बाजूने करा. मागची साइट आणि फोरसाइट, म्हणजे पुढची साइट, यांच्यात ८० सेंटिमीटर अंतर धरलं, तर फोरसाइटपाशी झालेली चूक दहा मीटरवर साडेबारापट होते. तिथे ०.२ मिलिमीटरची चूक झाली की लक्ष्यावर अडीच मिलिमीटर गेले आणि दहाची हद्द संपली. या खेळात ‘थोडंसं’ म्हणजे किती, हे या एका आकड्यावरून डोक्यात पक्कं बसतं.

सुरक्षितता: याला अपवाद नाही

नळीचं तोंड कायम लक्ष्याच्या दिशेला. शूटिंग चालू नसेल तेव्हा ब्रीच (छर्रा भरायची जागा) उघडी आणि नळीत सुरक्षा दोरी किंवा फ्लॅग घातलेला. ‘स्टॉप’ ऐकू आलं की बोट ट्रिगरवरून लगेच बाहेर, मग कितीही सुंदर होल्ड, म्हणजे नेमावर स्थिर धरणं, लागलेला असो. कुणीही फायरिंग लाइनच्या पुढे गेलेलं असताना रायफलला हात लावायचा नाही, साइट बघायलासुद्धा नाही.

घरी ड्राय फायर (छर्ऱ्याशिवाय ट्रिगर सोडण्याचा सराव) करताना ब्रीच डोळ्यांनी तपासा आणि छर्ऱ्यांचा डबा त्या खोलीतून बाहेर ठेवा. कागदी लक्ष्य अशा भिंतीवर लावा जिच्यामागे कुणी राहत नाही. ड्राय फायरची सोय असलेल्या मॅच रायफलवरच हा सराव करा. स्प्रिंगच्या एअर रायफलला छर्ऱ्याशिवाय कधीही फायर करू नका. पुढे हवा अडवायला काही नसल्याने पिस्टन जोरात आपटतो आणि स्प्रिंग व सील खराब होतात.

छर्रे शिशाचे असतात. रेंजवर खाणं-पिणं नको, छर्रे ओठांत धरणं तर मुळीच नको, आणि निघताना साबणाने हात धुवायचे. लहान मुलं शिकत असतील तर हे काम मोठ्यांनी स्वतः उभं राहून करून घ्यावं.

पायरी पहिली: रायफल स्थिर आहे का?

छर्ऱ्यांची चाचणी घेण्याआधी रायफल एका जागी ‘बसलेली’ हवी. ॲक्शन (नळी आणि ट्रिगरची यंत्रणा) स्टॉकला (रायफलच्या दांड्याला) धरून ठेवणारे स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या ताणाने आवळा, शक्यतो टॉर्क रेंचने. डायॉप्टर (मागची साइट) आणि फोरसाइटचा बोगदा (तिची पोकळ नळी) हाताने हलवून बघा. केसभर जरी हालत असेल तरी पुढचं सगळं मोजमाप वाया गेलं. चीक पीस (गाल टेकायचा भाग) आणि बट प्लेटचे स्क्रूही बघा, कारण सैल चीक पीसमुळे डोक्याची जागा बदलते आणि दोष साइटवर येतो.

मग हवा. बहुतेक मॅच रायफलचे सिलिंडर २०० बारपर्यंत भरतात, पण आपल्या सिलिंडरवर छापलेला आकडाच खरा मानायचा. सिलिंडरवर निर्मितीची तारीख असते. उत्पादक साधारण दहा वर्षांची मुदत देतात आणि मुदत संपलेला सिलिंडर वापरायचा नाही. स्पर्धेतही ती मुदत पाहण्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. उच्च दाबाची हवा जिथे खेळते त्या भागांत तेल किंवा ग्रीस घालू नका, दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. सील किंवा रेग्युलेटरचं (प्रत्येक शॉटला सारखा दाब देणाऱ्या भागाचं) काम असेल तर जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्या.

रेग्युलेटर नीट असेल तर सिलिंडरमधला दाब उतरत गेला तरी छर्ऱ्याचा वेग जवळपास सारखा राहतो. क्रोनोग्राफ (छर्ऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) मिळाला तर सलग दहा शॉटचा वेग मोजा. हे का महत्त्वाचं, ते आकड्यांत पाहू. सेकंदाला १७० मीटर वेगाने छर्रा दहा मीटर जायला सुमारे ०.०६ सेकंद घेतो आणि तेवढ्यात साधारण १७ मिलिमीटर खाली येतो. वेग १७३ झाला तर तो १६.४ मिलिमीटर येतो. सेकंदाला तीन मीटरचा फरक म्हणजे लक्ष्यावर उभा अर्धा मिलिमीटर, म्हणजे दोन दशांश. वेग शॉटगणिक त्याहून जास्त हलत असेल, तर आधी रेग्युलेटर दाखवून घ्या.

नळीची स्वच्छता सोपी आहे. फेल्टचे गोळे ब्रीचच्या बाजूने घालून पुढे ढकलायचे, ते काळे निघायचे थांबेपर्यंत. स्वच्छ केलेली नळी लगेच स्थिर होत नाही. काही छर्रे मारल्यावरच ग्रुप, म्हणजे कार्डावरच्या भोकांचा पुंजका, पूर्ववत होतो, म्हणून स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी नळी साफ करण्याची सवय लावून घेऊ नका.

पायरी दुसरी: छर्ऱ्यांची पारख

बारुदाच्या रायफलचे हौशी नेमबाज आपल्या नळीला मानवेल असं काडतूस स्वतः भरतात. बारूद तोलतात, बुलेट किती खोल बसवायची ते ठरवतात. एअर रायफलमध्ये भरायला काहीच नसतं. छर्रा कारखान्यातून तयार होऊन येतो. आपल्या हातात उरते निवड, आणि ती निवड तितक्याच शिस्तीने करावी लागते.

मॅचचा छर्रा पुढून सपाट असतो, त्यामुळे कागदावर स्वच्छ गोल भोक पडतं. मध्ये कंबर आणि मागे पोकळ घेर. मागून हवेचा दाब आला की हा पातळ घेर फुलून नळीच्या खाचांत घट्ट बसतो, आणि पुढचं डोकं छर्ऱ्याला नळीत सरळ ठेवतं. डोक्याचा व्यास डब्यावर लिहिलेला असतो, साधारण ४.४८ ते ४.५२ मिलिमीटर. रायफलसाठीचे छर्रे बहुधा ०.५३ ग्रॅमच्या आसपास असतात. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि नवखे तिच्याकडे बघतही नाहीत: डब्यावरचा लॉट नंबर, म्हणजे एकत्र बनलेल्या छर्ऱ्यांच्या खेपेचा क्रमांक. एकाच नावाचे, एकाच व्यासाचे दोन डबे वेगवेगळ्या साच्यांतून आलेले असतील तर तुमच्या नळीत ते वेगळे वागू शकतात. म्हणून ‘अमुक कंपनीचा छर्रा चांगला’ या सल्ल्याला फारसा अर्थ नाही. अमुक लॉट तुमच्या नळीला चालतो की नाही, एवढंच विचारायचं.

चाचणीआधी मूठभर छर्रे पांढऱ्या कापडावर ओता आणि दिवा एका बाजूने तिरका पडेल असा ठेवा. एकेक छर्रा चिमट्यात न धरता बोटाने हळूच लोटून फिरवा. ज्याच्या घेराची कड चेपलेली आहे तो फिरताना लंगडतो आणि सावलीत त्याची कड सपाट दिसते. शिशाचा बारीक कपटा डोक्याला चिकटलेला असेल तर तोही वेगळा दिसतो. असे छर्रे बाजूला काढून पोझिशनच्या सरावाला ठेवा. एकेक छर्रा काट्यावर तोलून गट पाडणारेही असतात. चांगल्या प्रतीच्या मॅच छर्ऱ्यांत नवख्याने त्या कामात संध्याकाळी घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. घेर तपासणं मात्र प्रत्येक वेळी करा.

आता चाचणी. उत्तम मार्ग म्हणजे रायफल शिकंज्यात, म्हणजे क्लॅम्पमध्ये, घट्ट धरून फायर करणं. मोठ्या रेंजवर आणि छर्रे बनवणाऱ्यांकडे अशी सोय असते. नसेल तर टेबलाशी बसा, वाळूची पिशवी ठेवा, आणि रायफल पिशवीवर प्रत्येक वेळी त्याच जागी टेकवा. मग हे पाळा:

१. तीन-चार वेगवेगळे लॉट घ्या. प्रत्येकाला अक्षर द्या: क, ख, ग. कार्डाच्या मागे अक्षर आणि क्रमांक आधीच लिहून ठेवा.

२. लॉट बदलला की आधी पाच ते दहा छर्रे मोजणीबाहेर मारा.

३. एका ग्रुपला दहा शॉट, प्रत्येक ग्रुपला नवीन कार्ड. प्रत्येक लॉटचे किमान तीन ग्रुप.

४. क्रम बदलत राहा: क-ख-ग, मग ग-ख-क. तसं केलं नाही तर तुमचा थकवा, बदललेला उजेड किंवा उतरलेला दाब नेमका एकाच लॉटच्या वाट्याला येतो.

५. चाचणी संपेपर्यंत साइटला हात लावू नका. ग्रुप सातच्या वर्तुळात पडला तरी चालेल, इथे फक्त त्याचा आकार मोजायचा आहे.

मोजताना व्हर्नियर कॅलिपरने ग्रुपच्या सर्वांत लांबच्या दोन बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या आणि त्यातून छर्ऱ्याचा व्यास वजा करा. बाहेरून ६.३ मिलिमीटर आलं तर केंद्र ते केंद्र १.८. कागद थोडा आवळतो, म्हणून आधी एकट्या शॉटचं भोक मोजून तोच आकडा वजा करणं अधिक बरोबर.

खरी फसगत पुढे होते. समजा ‘क’चे तीन ग्रुप १.६, २.४ आणि १.९ आले, आणि ‘ख’चे १.२, २.९ आणि २.२. जवळजवळ प्रत्येक नवखा ‘ख’ घेतो, कारण त्याच्या डोळ्यासमोर १.२ चं ते सुंदर कार्ड असतं. पण सरासरी ‘क’ची १.९७ आणि ‘ख’ची २.१ आहे. एवढ्या फरकावरून कुणीच जिंकलेलं नाही. आणखी तीन-तीन ग्रुप मारा. एक चांगला ग्रुप कोणत्याही छर्ऱ्याला लाभू शकतो. तीन शॉटच्या ग्रुपवर तर कधीच निर्णय घेऊ नका. शॉट वाढवले की ग्रुप वाढतो किंवा तेवढाच राहतो, तो लहान कधीच होत नाही. म्हणून पाच शॉटच्या ग्रुपची दहाच्या ग्रुपशी तुलना चालत नाही. क्लॅम्पमधून मारताना एक छर्रा बाहेर गेला तर ‘तो चुकून गेला’ म्हणून खोडू नका. तिथे चूक करणारा माणूसच नाही, तो छर्रा त्या लॉटचाच भाग आहे.

आता प्रामाणिक प्रश्न: या सगळ्याने नवख्याचे गुण किती वाढतात? फार थोडे. तुमचा उभ्याने मारलेला ग्रुप २० मिलिमीटरचा असेल आणि छर्ऱ्याचा स्वतःचा २ मिलिमीटरचा, तर ढोबळमानाने दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं: एकत्रित २०.१. छर्रा कितीही सुधारला तरी तुम्हाला कळणारसुद्धा नाही. तुमचा ग्रुप ५ मिलिमीटरवर आला की मात्र २ मिलिमीटरच्या छर्ऱ्याने तो ५.४ होतो आणि १ मिलिमीटरच्या छर्ऱ्याने ५.१. पाव मिलिमीटरला एक दशांश मिळणाऱ्या खेळात तेव्हा तो फरक खरा ठरतो. तरीही मी चाचणी सुरुवातीलाच करायला सांगतो, कारण तिच्यामुळे शंका संपते. पुढे आठ लागला की छर्ऱ्याकडे बघायचं कारण उरत नाही. पसंत पडलेल्या लॉटचे मोसमभर पुरतील एवढे डबे घेऊन ठेवा, लॉट नंबर वहीत लिहा आणि तो विषय बंद करा.

पायरी तिसरी: साइट

एअर रायफलला पुढे वर्तुळाकार फोरसाइट असते आणि मागे बारीक छिद्राचा डायॉप्टर. छिद्रातून बोगदा दिसतो, बोगद्यात कडं आणि कड्यात काळा गोल. तिन्ही एकाच केंद्राभोवती दिसले की नेम लागला. नजर कड्यावर स्वच्छ असावी, काळा गोल किंचित धूसर दिसला तरी बिघडत नाही.

नवख्यांना लहान कडं आवडतं, कारण त्यात लक्ष्य घट्ट बसल्यासारखं वाटतं. पण पांढरी फट फार बारीक झाली की डोळ्याला ती कुठे जाड आणि कुठे पातळ ते ओळखता येत नाही, आणि शरीराचं नैसर्गिक हलणं मोठं भासून माणूस ट्रिगर ओढून टाकतो. मोठ्या कड्यापासून सुरुवात करा. फट स्पष्ट, मोकळी दिसायला हवी.

क्लिक किती सरकवतो हे पुस्तिकेवर सोडू नका. टेकून बसा, पाच शॉटचा ग्रुप मारा, दहा क्लिक उजवीकडे द्या, पुन्हा पाच मारा. दोन्ही ग्रुपच्या मध्यांमधलं अंतर दहाने भागलं की तुमच्या रायफलचा क्लिक कळला. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा. झीरो करताना, म्हणजे ग्रुप लक्ष्याच्या मध्यावर आणताना, एका शॉटवरून क्लिक फिरवू नका, ग्रुपचा मध्य बघून फिरवा. एका शॉटमागे धावणारा दिवसभर स्वतःच्याच चुका साइटमध्ये भरत राहतो.

रायफलचा तिरकेपणा हा लपून बसणारा दोष आहे. रायफल पाच अंश कलली तर छर्रा कललेल्या बाजूला साधारण दीड मिलिमीटर जातो. शरीराच्या ठेवणीमुळे थोडा कल असायला हरकत नाही, तो प्रत्येक शॉटला सारखा हवा. फोरसाइटच्या बोगद्यातल्या आडव्या रेघा याच कामासाठी असतात.

पायरी चौथी: उभं राहणं

इथून पुढचं उजव्या हाताच्या नेमबाजासाठी लिहितो, डावखुऱ्यांनी बाजू बदलून वाचावं.

पाय साधारण खांद्याइतके अंतर ठेवून, दोन्ही पायांना जोडणारी रेषा लक्ष्याच्या रेषेला जवळजवळ समांतर. डावा नितंब लक्ष्याकडे. डावं कोपर कमरेच्या हाडावर किंवा त्याच्या जवळ बरगड्यांवर टेकलेलं. रायफलचं वजन हाताच्या स्नायूंनी पेलायचं नाही. ते पंजातून मनगटात, कोपरातून कमरेच्या हाडात आणि तिथून डाव्या पायात उतरलं पाहिजे. रायफल पुढे आणि शरीर थोडं मागे, असा तोल साधला जातो. रायफलचं वजन नियमाने ५.५ किलोपर्यंत असू शकतं, आणि साठ शॉट म्हणजे ते किमान साठदा उचलायचं आहे. स्नायूंवर धरलेली रायफल विसाव्या शॉटपासून थरथरायला लागते. डोकं सरळ, रायफल डोक्याकडे येईल अशी चीक पीस आणि बट प्लेट लावून घ्या. मान पुढे काढून डोळा साइटला लावू नका. जॅकेट, पँट आणि बूट यांची मापं व जाडी नियमांत ठरलेली आहेत. विकत घेण्याआधी प्रशिक्षकाला दाखवा, तेवढं पुरे.

आता एनपीए, म्हणजे शरीर जिथे आपोआप रोखलं जातं ती जागा. सबंध पोझिशनमधला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. रायफल घेऊन उभे राहा, नेम धरा, डोळे मिटा. दोन-तीन शांत श्वास घ्या, खांदे आणि पाठ सैल सोडा. डोळे उघडा. कडं लक्ष्याच्या डावीकडे गेलेलं दिसलं तर हाताने ढकलून आणू नका. मागचा पाय थोडा सरकवून सगळं शरीर फिरवा आणि पुन्हा डोळे मिटून तपासा. उंचीतला फरक असेल तर हाताची पकड किंवा बट प्लेटची उंची बदला. डोळे उघडल्यावर काळा गोल कड्यात आपोआप दिसेपर्यंत हे करत राहायचं. हाताने ओढून आणलेला नेम ट्रिगर सुटण्याच्या क्षणी आपल्या मूळ जागी परत जातो, आणि छर्रा तिकडेच जातो. ग्रुप एका बाजूला सरकला की क्लिकला हात लावण्याआधी पाय बघा.

पायरी पाचवी: श्वास, ट्रिगर आणि त्यानंतरचा क्षण

श्वास सोडल्यावर पुढचा घेण्याआधी शरीर आपोआप क्षणभर थांबतं. तो थांबा थोडा लांबवायचा आणि त्यातच शॉट सोडायचा. होल्ड स्थिरावल्यापासून सहा ते आठ सेकंद ही मर्यादा माना. त्यापुढे डोळ्याला दिसणारं चित्र ‘चिकटतं’: नेम सरकलेला असतो, पण जुनंच चित्र दिसत राहतं. वेळ गेली असं वाटताच रायफल खाली घ्या. शॉट न मारता रायफल खाली घेणं नवख्याला हरल्यासारखं वाटतं, म्हणून ते मुद्दाम शिकावं लागतं. सराव करताना अधूनमधून चांगला होल्ड असूनही खाली घ्या, म्हणजे स्पर्धेत ते जमतं.

ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा रायफल लक्ष्यावर उतरतानाच घ्यायचा, बोट दुसऱ्या टप्प्याच्या भिंतीला हलकं टेकलेलं राहील. मग दाब वाढवायचा, सरळ मागे, बोटाच्या पहिल्या पेराने. बाकी हाताची पकड बदलायची नाही. ‘आत्ता दहा दिसतोय, ओढ’ हा मोह सगळ्यांना होतो, आणि तो क्षण पकडायला गेलेला हात हमखास झटका देतो. होल्ड शांत होत असतानाच दाब वाढत राहिला पाहिजे.

शॉट सुटल्यावर एक-दोन सेकंद काहीच हलवू नका. छर्रा नळीतून बाहेर पडायला काही मिलिसेकंद लागतात आणि त्या अवधीत केलेली हालचाल त्याच्यासोबत जाते. याच थांब्यात शॉट ‘कॉल’ करा: सुटताना कडं कुठे होतं ते मनात म्हणा, ‘साडेनऊ, दोन वाजता’, म्हणजे साडेनऊ गुण, घड्याळात दोनचा आकडा असतो त्या बाजूला. मगच मॉनिटरकडे किंवा कार्डाकडे बघा. कॉल आणि निकाल जुळू लागले की तुम्ही खरं पाहायला शिकलात. कॉल मध्ये आणि छर्रा बाहेर असं वारंवार होत असेल तर झीरो, एनपीए किंवा ट्रिगर तपासा. रायफलवर शंका घ्यायचा हक्क तुम्हाला कॉल जुळायला लागल्यानंतरच मिळतो.

पायरी सहावी: रेंजवरचा एक दिवस

सुरुवातीला ड्राय फायर, घाई न करता. एनपीए लावा, पंधरा-वीस शॉट छर्ऱ्याशिवाय. ट्रिगर सुटताना कडं हललं का, एवढंच बघायचं. मग कार्ड उलटं लावा, कोरी बाजू समोर. कोऱ्या कार्डावर गुणांची चिंता नसते, त्यामुळे सगळं लक्ष ट्रिगरवर आणि फॉलो थ्रूवर (शॉटनंतरच्या न हलण्यावर) राहतं. छर्रे मध्यभागाच्या आसपास गोळा होतात हे पाहून अनेकांना नवल वाटतं.

त्यानंतर लक्ष्य लावून दहा-दहाच्या दोन-तीन मालिका. प्रत्येक मालिकेआधी एकच गोष्ट ठरवा, ‘आज फक्त फॉलो थ्रू’, आणि त्याच गोष्टीवर स्वतःला जोखा. कंटाळा आला किंवा पाठ दुखायला लागली की थांबा. थकलेलं शरीर चुकीची पोझिशनही तितक्याच इमानाने लक्षात ठेवतं.

पूर्ण मॅचचा सराव रोज नको. स्पर्धा जवळ आली की घ्या. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर साठ शॉटना ७५ मिनिटं मिळतात, आणि त्याआधी १५ मिनिटं तयारी व साइटिंगची. हिशेबाने एका शॉटला सव्वा मिनिट. ते भरपूर आहे, रायफल खाली घेऊन पुन्हा श्वास घ्यायलाही पुरतं.

मालिका संपली की कार्डाचा आकार वाचा. उभा पसरलेला ग्रुप बहुधा श्वास वेगवेगळ्या जागी थांबल्याचा किंवा बट खांद्यावर वर-खाली बसल्याचा असतो. आडवा पसरलेला बहुधा एनपीए किंवा तोलाचा. दोन वेगळे पुंजके दिसले तर मध्ये पोझिशन बदलली का ते आठवा, आणि साइट सैल झाली नाही ना हेही बघा. खात्री करायची असेल तर बसून, टेकवून दहा शॉट मारा. तिथे ग्रुप चाचणीइतकाच आला तर दोष उभं राहण्यात आहे. तिथेही उभा पसरला तर दाब आणि वेग तपासायचे. चाचणीची कार्डं जपून ठेवायची ती याचसाठी.

वहीत प्रत्येक दिवशी तारीख, उजेड, सिलिंडरचा दाब, साइटचे क्लिक, छर्ऱ्याचा लॉट, मालिकांचे गुण आणि एका ओळीत शरीराची नोंद लिहा. बट प्लेट हलवली तर किती रेषा आणि का, तेही. एका वेळी एकच बदल करा आणि तो निदान आठवडाभर टिकवून मग त्याच्याबद्दल मत बनवा. छर्ऱ्यांची चाचणी पुन्हा केव्हा घ्यायची तेही या वहीवरूनच ठरतं: लॉट संपत आला, रेग्युलेटर किंवा नळीचं काम झालं, किंवा टेकून मारलेला ग्रुप जुन्या कार्डापेक्षा सलग काही वेळा मोठा आला, तेव्हा.